तिसऱ्या वळणावरचा पिवळा झेंडा

बसूआण्णा, तू मुरमावर पडला होतास आणि तुला उचलायच्या आधी तुझ्याच माणसांनी माझ्या भावाला तुडवायला घेतलं.

तुला ते दिसलं नसणार. तुझे डोळे उघडे होते, पण त्यांत धूळ गेली होती आणि तू ती पुसत नव्हतास. सुनील तुझ्यापासून हातभर अंतरावर पालथा पडला होता. त्याची गाडी आडवी, इंजिन चालू, मागचं चाक हवेत गरगरत होतं. टायरांच्या रांगेवरून माणसं उड्या मारत आली. एकाने सुनीलचं हेल्मेट पट्टा न सोडताच ओढून काढलं, दुसऱ्याने तेच हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं. "आण्णाला मारलंस रं! आण्णाला मारलंस!" सुनीलचा दात तुटला, ओठ फाटला, तरी तो हात वर करून मार अडवत नव्हता. तो तुझ्याकडे बघत होता. मी मध्ये पडले तर कुणाचं तरी कोपर माझ्या कानशिलात बसलं. मी किंचाळत होते, की यानं नाही केलं, यानं नाही. आणि त्याच वेळी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला शर्यतीतला दुसरा रायडर रणजित दोन्ही हात सोडून पहिला आला होता आणि त्याच्या अंगावर गुलाल पडत होता.

हे छापलं जाईल तेव्हा तुला न ओळखणारेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच सांगते. शिवाजी पेठेत तुझं स्पेअर पार्टचं दुकान आणि मागे गॅरेज. आठवडाभर तू लोकांचे कार्बोरेटर साफ करायचास. कळंब्याच्या पुढच्या माळावर मोटारसायकलींच्या शर्यती असल्या, की धुतलेला पांढरा शर्ट घालून तिसऱ्या वळणावर झेंडे घेऊन उभा राहायचास. ते वळण सगळ्यांत वाईट. उतारावरून गाड्या सुसाट येतात आणि मुरूम पायाखालून सरकतो. बाकीचे मार्शल सावली बघून जागा मागायचे. तू ते वळण मागून घेतलंस आणि कधी सोडलं नाहीस.

नवीन रायडर आला की तू त्याला उभा करून शिकवायचास. "पिवळा म्हंजे पुढं माणूस पडलाय. एक्सलेटर सोडायचा, आनि कुणालाबी मागं टाकायचं न्हाई. काळा झेंडा आनि तुझा नंबर दिसला म्हंजे तू बाहेर. कळलं? ह्यात वकिली न्हाई लागत." तो मान हलवायचा. मग तू विचारायचास, "आनि पिवळ्याला तू पयला असलास तर?" पोरगा गोंधळायचा. "तरीबी सोडायचा, मर्दा. पडलेल्याला काय म्हाईत तू पयला हाईस."

आपली ओळख भांडणातून झाली, हे विसरायचं नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी कॉलेजात होते. सुनील तू स्वतः बांधलेल्या इंजिनावर शर्यतीत पुढे होता. तुझ्या वळणावर कुणीतरी घसरला, तू पिवळा हलवलास, आणि सुनीलने त्या झेंड्याखाली एकाला मागे टाकलं. पुढच्या फेरीला तू त्याला काळा दाखवलास. मैदान चाट पडलं. माझ्या शेजारचा एकजण ओरडला, "स्वताच्या गाडीला काळा दावालंय! येडं हाय का काय हे!" सुनीलने बाहेर येऊन हेल्मेट तुझ्या दिशेने फेकलं. ते तुझ्या गुडघ्याला लागलं. तू वाकून उचललंस, फडक्याने पुसलंस आणि त्याच्या हातात दिलंस.

मला तो अपमान वाटला. आमचं घर तुला माहीत आहे. बाबा छापखान्यात कंपोझिटर. जयंतीची, मोर्च्याची, पाणवठ्यावरच्या अन्यायाची पत्रकं आमच्या घरात भाकरीच्या टोपलीशेजारी पडलेली असायची. मी बाराखडी त्या पत्रकांवर गिरवली. कुणाला बाजू मांडू न देता शिक्षा झाली की आमच्या घरात जेवणं अर्धी राहायची. मी त्याच रात्री लिहायला बसले आणि दोन दिवसांत तुझ्यावर पत्रक काढलं: ‘झेंडा त्यांच्या हातात, सुनावणी कुणाच्या?’ त्यात मी तुला झेंडाशाहीचा हुकूमशहा म्हटलं होतं. तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहून मी ते वाटलं. तू बाहेर आलास, एक मागून घेतलंस, उभ्या उभ्या वाचलंस आणि दुकानाच्या काचेला आतून डिंकाने चिकटवलंस, रस्त्यावरून वाचता येईल असं.

"काय ओ आण्णा, हे काय लावलंय?" गिऱ्हाइकं विचारायची.

"माझ्यावर लिवलंय. वाचा की. लई तिखट पोरगी हाय. अव्वाला वाचून दावलं तर तिनं इचारलं, हुकूमशहाला जेवाय किती भाकऱ्या लागत्यात?"

ते पत्रक उन्हाने पिवळं पडून गळेपर्यंत काचेवर होतं. मग मी गॅरेजवर येऊ लागले ते तुझ्याशी भांडायला, आणि भांडायला येता येता माझी तिथली खुर्ची ठरली. अव्वा, म्हणजे तुझी आई, मला चहा देताना कानडीत काहीतरी पुटपुटायची. तू भाषांतर करायचास, "म्हणतीया, ही वरडाय लागली की इंजिनाचा आवाज आइकू येत न्हाई." अव्वाने एवढं मोठं वाक्य कधीच म्हटलेलं नसायचं.

भांडण मात्र एकच होतं. मी म्हणायचे, बाजू न ऐकता शिक्षा हा न्यायच नाही. तू म्हणायचास, "मिने, वळणावर माणूस पडलाय. मागनं गाड्या याय लागल्यात. आता मी काय करू, तुझ्या भावाची बाजू आइकत बसू?"

"नंतर ऐक की!"

"नंतर कोण आडवतंय?"

"समिती आडवती. नंतर कधी कुणाचं ऐकलंय समितीनं? तुझा काळा झेंडा माझ्या भावाला लागू हाय, आणि आयोजकांच्या घरातल्याला कोण दाखवतंय? दुसऱ्या वळणावरचा मार्शल झेंडा पाठीमागं धरून उभा राहतो, मी डोळ्यांनी बघितलंय."

यावर तू पाना उचलायचास. दरसाल तू समितीपुढे दोनच मागण्या ठेवायचास: झेंडा सगळ्यांना सारखा, आणि शर्यत संपल्यावर ज्याला शिक्षा झाली त्याचं ऐकून घ्यायचं. दुसरी मागणी माझी होती. तू ती माझं नाव न घेता मांडायचास. ते हसायचे, तुला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. पण आण्णा, तू मला एकदाही म्हणाला नाहीस की मिने, तुझं बरोबर आहे. मी त्याची वाट बघत होते. आता कुणाकडून ऐकू?

सुनीलचं म्हणशील तर त्या काळ्या झेंड्यानंतर तो तुझ्याकडे वर्षभर फिरकला नाही. मग एकदा क्लच प्लेट घ्यायला आला, आणि तू जणू काल भेटल्यासारखा म्हणालास, "पिवळ्याला आता काय करतोस?" तो म्हणाला, "सोडतो." त्यावर तुमचं कधी काही बोलणं झालं नाही. मी त्याच्या सगळ्या शर्यती बघितल्या आहेत. त्यानंतर तो पिवळ्याखाली प्रत्येक वेळी सोडायचा. कधी हरायचा, तरी सोडायचा.

मग झेंड्यांचं ते भांडण आलं, ज्यात तुझी भुवई फुटली. आपल्या पेठेतल्या तालमीचा झेंडा पिवळा. फुटबॉलला न्यायचा तसाच पोरं तो शर्यतीलाही आणू लागली, कारण रणजित त्याच तालमीचा. वळणावळणावर बांबूला बांधलेले पिवळे झेंडे फडफडायचे आणि त्यांच्यामध्ये तुझ्या हातातलं पिवळं फडकं. एक रायडर पडलेल्या गाडीवर जाऊन आदळला आणि म्हणाला, "मला वाटलं तालमीचा हाय." तो खोटं बोलत नव्हता. समितीला सगळं कळत होतं, पण तालमीला झेंडा खाली घ्या म्हणायची कुणाची छाती नव्हती. तू गेलास. शर्यत थांबवून गर्दीत शिरलास आणि म्हणालास, "पोरानू, ह्या वळणावर तेवढा झेंडा खाली घ्या. माणूस मरंल."

"कुणाचा झेंडा खाली?" बंडा पुढे आला. सगळ्या समर्थकांचा म्होरक्या, मान खांद्यात रुतलेला, तुझ्याच तालमीत तुझ्यानंतर कसलेला पैलवान. "आण्णा, तालमीचा झेंडा खाली घ्या म्हणालाईस तू? तू?"

"व्हय, मी. माती माझ्याबी कानात हाय."

त्याने झेंड्याचा बांबू तुझ्या तोंडावर मारला. भुवई उसवली, रक्त डोळ्यात उतरलं, शर्टावर आलं. कुणीतरी बाटली फेकली, ती दुसऱ्याच्याच डोक्यात फुटली, मग पट्टे निघाले, दगड निघाले, पाण्याच्या टँकरची काच गेली. तू रुमाल भुवईला दाबून परत आपल्या वळणावर जाऊन उभा राहिलास. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा एका हातात रुमाल आणि दुसऱ्या हातात झेंडा होता. मी तुला शिव्या घातल्या. घरी जा म्हटलं. तू म्हणालास, "एका डोळ्यानं दिसतंय की."

मी त्यावर पत्रक काढणार होते. ‘तालीम की टोळी?’ असं शीर्षकही ठरलं होतं. तू काढू दिलं नाहीस. टाके ओले असतानाच तू तालमीत गेलास आणि बंडाच्या शेजारी कट्ट्यावर बसलास. काय बोललास ते तू मला कधी पूर्ण सांगितलं नाहीस. शेवट मात्र सगळ्या पेठेला ठाऊक आहे. बंडा कुस्तीच्या हौद्यात उतरला, तांबडी माती उचलून कपाळाला लावली आणि शब्द दिला, की तिसऱ्या वळणावर तालमीचा झेंडा गुंडाळलेला राहील. बाकी मैदानावर फडकेल, पण तुझ्या वळणावर नाही. आमच्याकडे माती लावून दिलेला शब्द कुणी कागदावर लिहून मागत नाही. त्यानंतर प्रत्येक शर्यतीत तिसऱ्या वळणावरची पोरं बांबू मांडीवर आडवे घेऊन बसायची, झेंडे घट्ट गुंडाळलेले. रणजित जवळून गेला तरी नुसतं ओरडायची. मला हसू यायचं. तुला यायचं नाही. तू शर्यतीआधी त्यांच्याकडे बघून एकदा हात वर करायचास.

आता तो दिवस.

निपाणीचा एक रायडर वळणावर पडला. गाडी त्याच्या पायावर, पाय निघेना, सायलेन्सरने पोटरी भाजत होती आणि तो गुरासारखा ओरडत होता. तू पिवळा हलवलास. दोन्ही हातांनी, डोक्यावरून. मी टायरांच्या मागे, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते. सुनील पुढे होता. त्याने बघितलं आणि एक्सलेटर सोडला. त्याच्या इंजिनाचा आवाज खाली उतरलेला मी ऐकला. रणजित त्याच्या मागे होता. त्याचा आवाज उतरला नाही. तो आतल्या बाजूने घुसला, त्याच्या फुटरेस्टमध्ये सुनीलचं पुढचं चाक अडकलं आणि सुनीलची गाडी तोल जाऊन आडवी घसरत थेट तुझ्यावर आली. हँडल तुझ्या छातीत घुसलं. तुझं डोकं मागे ट्रॅकच्या कडेच्या दगडावर आपटलं. तो आवाज मी कुठे ठेवू? भांडं पडलं तरी मला तो ऐकू येतो.

आणि तू टायरांच्या मागे का नव्हतास? मार्शलने टायरांच्या मागून झेंडा दाखवायचा, हा नियम तूच सगळ्यांना शिकवायचास. तो निपाणीचा पोरगा ओरडला आणि तू रांग ओलांडून ट्रॅकवर गेलास. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तू त्याची सालटी काढली असतीस. आण्णा, मला तुझी कॉलर धरून विचारायचं आहे, तुला हा नियम लागू नव्हता का?

टेम्पोत घालून नेताना तू गेलास. पोलिसांनी अपघाती मृत्यू लिहिला. झेंड्याचा रंग त्यांच्या कागदावर नव्हता. दुसऱ्या दिवशी तुला तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, तळहातावर लिंग, मांडी घातलेली. खड्ड्यात तू असा बसलास जणू शर्यत सुरू व्हायची वाट बघत आहेस. सुनील येऊ शकला नाही. आला असता तर त्याला तिथेच जिवंत ठेवलं नसतं. रात्री आमच्या दारावर दगड पडले होते. बाबांनी एक दगड उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. पत्रकावर ठेवायला वजन झालं." अव्वाने मला जवळ घेतलं. मी तुझ्या नावाने ओरडून रडत होते. ती म्हणाली, "साकु, मगळे, साकु." पुरे, पोरी, पुरे. एवढं कानडी मला भाषांतराशिवाय कळलं.

समितीने चार दिवसांत निकाल लावला. सुनीलचा ताबा सुटला, म्हणून तो कायमचा बाद. रणजितचं पहिलं स्थान कायम. झेंड्याबद्दल एकच वाक्य: तालमीच्या पिवळ्या झेंड्यांमुळे मार्शलचा झेंडा ओळखू येणं शक्य नव्हतं. आण्णा, माझ्या भावाच्या कपाळावर तुझा खून लिहिला गेला. आम्ही पेठेतून जाताना बायका पोरांना आत ओढू लागल्या. सुनील खोलीतून बाहेर येईना. तो एकच म्हणायचा, "मी सोडलता, ताई. मी सोडलता." मला दिसत होतं, की हा निकाल असाच राहिला तर मी दोन माणसं गमावणार.

म्हणून मी पत्रक काढलं. एकच मागणी, आपलं जुनं भांडण: सुनावणी घ्या. तुझ्या दुकानाच्या बंद शटरवर चिकटवलं, तालमीच्या दारावर चिकटवलं, मैदानाच्या फाटकावर चिकटवलं. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा खळ जास्त घेऊन लावलं. गॅरेजवर येणारे रायडर वाचू लागले. निपाणीचा तो रायडर पायाला प्लास्टर घालून आला आणि म्हणाला, ऐकून घेतल्याशिवाय पुढच्या शर्यतीला आमच्या गावची एक गाडी येणार नाही. मग बाकीच्यांनीही गाड्या न आणायचं ठरवलं. समितीला सुनावणी घ्यावी लागली.

समिती एका मंगल कार्यालयात दुपारी बसली. पंखे बंद, घामाचा वास, दारात तालमीची पोरं छाती काढून उभी. मी बघितलं तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "तू बहीण आहेस. तू असंच सांगणार."

"मग सगळं सांगते," मी म्हटलं. "आण्णा टायरांच्या मागे नव्हता. तो ट्रॅकवर उतरला होता. ती त्याची चूक होती."

मागे एकदम गलका झाला. "गप ए! मेलेल्यावर घालालीस?" एक खुर्ची माझ्या दिशेने आली आणि भिंतीवर आदळली. अध्यक्षांचा चेहरा उजळला. मला ते कबूल करावं लागलं, आण्णा. तुझा नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो तुझ्यावर आधी लावल्याशिवाय मला रणजितवर लावता येत नव्हता. हे मी तुझ्या बाजूने केलं की तुझ्या विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही.

केबलवाल्याचा कॅमेरा फिनिश लाइनवर होता. तिसऱ्या वळणाचं चित्रण कुणाकडेच नव्हतं. निपाणीवाला म्हणाला, "मी गाडीखाली होतो, मला आभाळ दिसत होतं." रणजित खाली मान घालून म्हणाला, "झेंडे लई होते. मला कळलं न्हाई." अध्यक्षांनी बंडाकडे मायेने बघितलं. "बंडोपंत, तुम्ही सांगा. तुमचे झेंडे होते ना तिथं? एवढं सांगितलं की विषय संपला."

त्यांना वाटलं, ते त्याला सोपं करून देत आहेत. तालमीचा पोरगा वाचवायचा, तालमीच्या माणसाने. माती लावून दिलेल्या शब्दाची किंमत न कळणारा, पेठेच्या बाहेरचा माणूसच एवढी मोठी चूक करू शकतो.

बंडा उठला. मीही उठले. मला त्याच्याबद्दल राग सोडून काही वाटत नव्हतं. तुझी भुवई त्याने फोडली होती, आणि माझ्या भावाला मारणाऱ्यांत तो होता की नव्हता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सांग बंडा. झेंडे वर होते म्हण. आण्णाला माती लावून दिलेला शब्द मोडला म्हण. सगळ्यांसमोर म्हण."

"तू गप, मिना."

"गप बसत नाही. म्हण."

त्याचे जबडे हलले. दारातून कुणीतरी म्हणालं, "बंडा, आपला रणजित हाय." त्याने मागे वळून त्या पोराला एक सणसणीत कानाखाली वाजवली. मग अध्यक्षांच्या टेबलावर दोन्ही मुठी टेकवून म्हणाला, "झेंडा खाली होता. तिसऱ्या वळणावर आमचा एकबी झेंडा वर न्हवता. गुंडाळून मांडीवर होता, माझ्या सोत्ताच्या. तितं पिवळं म्हणून काय होतं ते आण्णाच्या हातात होतं." आणि तो मोठा, मान नसलेला माणूस तिथेच खाली बसला आणि हमसून रडायला लागला. "सुनील्यानं सोडलता," तो म्हणाला. "आवाज उतरल्याला मी आइकलाय. तरी मी त्याला मारलं."

निकाल बदलला. झेंड्याखाली पुढे गेला म्हणून रणजितचं स्थान रद्द, चषक परत आणि पुढचा सगळा हंगाम बाहेर. सुनीलवरचा ठपका मागे. नियमात एवढंच आहे. तूच आग्रह धरून ते लिहून घेतलं होतंस. मी ऐकत उभी राहिले आणि मला वाटलं, एवढंच? माणूस मेला, आणि एक हंगाम?

बाहेर आले तर गाड्या लावल्या होत्या तिथे रणजितला भिंतीला लावलं होतं. तुझ्या गॅरेजवरची पोरं, ज्यांना तू हातात पाना धरायला शिकवलंस. एकाच्या मुठीत गाडीची चेन गुंडाळलेली. पहिला फटका पडून गेला होता, रणजितच्या खांद्यावर शर्ट फाटून कातडी उकलली होती. तालमीची पोरं लांब उभी. बंडा बघत होता, हलत नव्हता.

"मिनाताई, तू सांग," चेनवाला म्हणाला. "तुझ्या भावाचं तोंड फोडलंय ह्याच्यापायी. आण्णा गेलाय. तू फकस्त व्हय म्हण."

रणजित माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "दिसलता मला. झेंडा दिसलता. वाटलं, तेवढ्यात निघून जाईन."

आण्णा, मला व्हय म्हणायचं होतं. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. त्याच्या गुडघ्याचं हाड फुटलेलं मला ऐकायचं होतं. तो आयुष्यभर लंगडत पेठेतून चालला पाहिजे आणि प्रत्येक दारातून कुणीतरी त्याला बघितलं पाहिजे, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. हे लिहिताना वाटतं.

मी चेन धरली. ग्रीसने माखलेली होती, हातातून निसटत होती, म्हणून दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, "सोडा त्याला. त्याची शिक्षा आत झाली."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"ताई, आण्णा मेलाय!"

"मला सांगू नका आण्णा मेलाय!" मी अशी ओरडले की कार्यालयातून माणसं बाहेर आली. "सोडा."

त्यांनी सोडलं. रणजितने रुमाल खांद्याला लावला, गाडीला किक मारली, ती सुरू होईना, म्हणून ढकलत नेली. कुणी त्याला हात लावला नाही. वळून दिसेनासा होईपर्यंत मी बघत होते. दोन्ही पाय शाबूत होते त्याचे. घरी जाऊन जेवला असेल.

हे तुझ्यामुळे झालं, बसूआण्णा. आणि याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.